गाडीची किंमत उतरते, खर्च उतरत नाही

मणिकर्णिका घाटावर बसून कुणी गाडीचा सौदा करेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण गेल्या हिवाळ्यात तो सौदा माझ्या डोळ्यांसमोर होता होता राहिला. आज त्याचीच गोष्ट सांगते. कारण तुमच्याही घरात कुणाच्या तरी मोबाइलवर अशा एखाद्या गाडीचे फोटो असतील.

काकांच्या अस्थी घेऊन आम्ही तिघं नाशिक रोडहून महानगरी एक्स्प्रेसने काशीला गेलो होतो. काकू, माझा चुलतभाऊ आणि मी. मणिकर्णिकेला गाडी जात नाही, हे तिकडे गेलेल्यांना ठाऊक असेल. मैदागिनला रिक्षा सोडायची आणि पुढे गल्ल्यांतून पायी निघायचं. मागून ‘राम नाम सत्य है’ ऐकू आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि तिरडीला वाट द्यायची. घाटावर लाकडाचे उंच ढीग असतात, शेजारी मोठे तराजू टांगलेले असतात. तिथे लाकूडही तोलून, दर विचारून घ्यावं लागतं.

नावेतून अस्थी विसर्जन करून आम्ही परत आलो आणि पायऱ्यांवर जरा वर जाऊन बसलो. कुणीच काही बोलत नव्हतं. थोड्या वेळाने भावाने मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला.

“ताई, ही बघ.”

काळी, रुंद, चकचकीत एसयूव्ही. जर्मन कंपनीची, डिझेलची, २०१७ची. नवी होती तेव्हा ६० लाखांच्या पुढची. दिल्लीतला विक्रेता आता १६ लाख मागत होता. संध्याकाळपर्यंत ५० हजारांचं टोकन भरायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे वंदे भारतने दिल्ली गाठायची आणि तिथून गाडी चालवत नाशिकला यायचं, असं त्याचं सगळं ठरलेलं होतं. काकू आणि मी महानगरीने परतणार होतो.

“आत्ताच कशाला?” मी विचारलं.

“बाबांना हिच्यातूनच इथे आणायचं होतं गं.”

यावर मी काय बोलणार? काका चार वर्षं ‘काशीला जाऊ या’ म्हणत होते आणि हा दर वेळी ‘मोठी गाडी घेतो, मग आरामात जाऊ’ म्हणत होता. पावसाळ्यात काका गेले. आता गाडी घेतली की काहीतरी फिटेल, असं त्याला वाटत होतं. ते चूक की बरोबर हे मी त्याला सांगितलं नाही. पर्समधून पेन काढलं, विसर्जनाच्या सामानाची यादी होती त्या कागदाच्या मागे एक रेघ मारली आणि म्हटलं, “चल, हिशेब तर करू.”

तो हिशेब तुम्हीही करून बघा.

१६ लाखांची गाडी की ६० लाखांची?

नवीन मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यायला निघालेल्या माणसाला त्याच पैशात जुनी आलिशान गाडी दिसते आणि त्याचं मन डळमळतं. चामड्याच्या सीट, काचेचं छप्पर, दार लावताना होणारा तो जड आवाज. हे सगळं १६ लाखांत! पण एक गोष्ट विसरू नका. उतरली ती फक्त गाडीची किंमत. तिचा खर्च उतरलेला नाही. तिचे टायर, ब्रेक, दिवे, गिअरबॉक्सचं तेल, सेन्सर हे सगळं आजही ६० लाखांच्या गाडीच्या दराने मिळतं. उलट गाडी जितकी जुनी, तितकं हे सामान लवकर लागतं.

विम्यातही तेच. जुन्या गाडीचं विमामूल्य कमी, म्हणून हप्ता कमी वाटतो. पण ‘झीरो डेप्रिसिएशन’ संरक्षण बहुतेक कंपन्या काही वर्षांनंतर देत नाहीत. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत तुमच्या खिशातून जाते. अशा गाडीचा पुढचा बंपर प्लास्टिकचाच असतो आणि त्यात कॅमेरे, सेन्सर बसवलेले असतात. एका दुचाकीचा धक्का किती महाग पडेल, ते आधीच विचारून ठेवा.

म्हणून पहिला नियम. गाडीची जी किंमत ठरेल, तिच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवता येत असेल तरच पुढे जा. १६ लाखांची गाडी असेल तर तीन-सव्वातीन लाख रुपये हात न लावता बँकेत राहायला हवेत. भावाने सगळे पैसे जुळवून १६ लाख केले होते. त्यातले सहा कर्जाचे होते. आणि जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजही नव्या गाडीपेक्षा सहसा जास्तच लागतं.

स्वस्त का, ते आधी विचारा

दिल्लीतल्या डिझेल गाड्या आपल्याकडच्यापेक्षा स्वस्त दिसतात, त्याला कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली आणि आसपासच्या परिसरात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली. १ जुलै २०२५पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा नियम आला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने जुन्या गाड्यांना सरसकट दिलासा दिला आणि डिसेंबरमध्ये तो बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरताच ठेवला.

आता त्या मालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गाडी नऊ वर्षांची झालीय, उद्या काय नियम येईल याचा भरवसा नाही. तो विकणारच. आणि तिथे गिऱ्हाईक कमी, म्हणून गाडी इतर राज्यांत जाणार. यात फसवणूक काही नाही. पण ती स्वस्ताई तुमच्या घरापर्यंत तशीच पोचते का, हे बघायला हवं.

परराज्यातली गाडी महाराष्ट्रात कायम वापरायची तर १२ महिन्यांच्या आत तिला इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो आणि इथला वाहनकर भरावा लागतो. आपल्याकडे नव्या डिझेल गाडीचा कर किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी लागतो, पण हिशेब गाडीच्या मूळ किमतीपासून सुरू होतो. म्हणजे तुम्ही १६ लाख दिले, तरी कराच्या नजरेत ती ६० लाखांचीच. हा आकडा आपल्या आरटीओतून काढून घेतल्याशिवाय टोकन भरू नका. दिल्लीतल्या कराचा परतावा कधी आणि किती मिळेल, यावर तर अजिबात विसंबू नका.

भावाच्या कागदावर हा कराचा रकानाच नव्हता. “विक्रेता म्हणाला, ते काम आमचा माणूस करून देतो.” काम तो करून देईल रे, पण पैसे कोण भरणार?

डिझेल कुणासाठी?

डिझेल स्वस्त, सरासरी चांगली, म्हणून डिझेल. हे गणित खरं आहे, पण भरपूर फिरणाऱ्यांसाठी.

भावाचं घर गंगापूर रोडला, वर्कशॉप अंबड एमआयडीसीत. महिन्याला फार तर ६०० किलोमीटर, वर्षाला ७,२००. डिझेल गाडी लिटरला १२ किलोमीटर देते असं धरा आणि डिझेल ९० रुपये धरा. वर्षाचे ५४ हजार. तेवढीच मोठी पेट्रोल गाडी ९ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर ८३ हजार. फरक २९ हजारांचा. आता अशा गाडीचा एक इंजेक्टर बदलायला किती लागतात, हे कुठल्याही चांगल्या गॅरेजमध्ये विचारा. वर्षभराची बचत त्या एका कामात सहज जाते. आणि इंजेक्टर काही एकच नसतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आधुनिक डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम आल्यावर डिझेल गाड्यांना ती जवळजवळ सक्तीचीच झाली, पण परदेशी बनावटीच्या महागड्या गाड्यांत ती आधीपासून असू शकते. साठलेली काजळी जळून जायला नळी भरपूर तापावी लागते. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने पळायला हवी. रोज सिग्नल, स्पीडब्रेकर आणि सहा-आठ किलोमीटर एवढंच केलं तर जाळी चोंदते, दिवा लागतो, ताकद जाते. मग साफ करा किंवा बदला.

काही गाड्यांत याशिवाय ॲडब्लू नावाचं युरियाचं पाणी भरावं लागतं. ते संपलं तर इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. हे दोष नाहीत, हवा स्वच्छ राहावी म्हणून केलेली सोय आहे. पण मुलांना शाळेत सोडायला आणि भाजी आणायला ही गाडी नाही. ज्याला दर आठवड्याला नाशिक-मुंबई किंवा नाशिक-धुळे करावं लागतं, त्याची ही गाडी.

बघायला जाल तेव्हा

तरीही बघायचीच असेल, तर काही गोष्टी अडून बसून करून घ्या.

इंजिन थंड असताना पहिल्यांदा तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच गाडी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनचा खडखडाट गरम झाल्यावर लपतो. धूर बघा. काळा असेल तर डिझेल नीट जळत नाही, निळसर असेल तर इंजिन तेल खातंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता आहे.

हवेवर चालणारं सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर एका जागी उभी राहू द्या. सकाळी एखादा कोपरा खाली बसलेला दिसला, तर हवा कुठेतरी गळतेय. हे काम स्वस्तात होत नाही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला मातीचा डाग असेल, सीटखालच्या रुळांना गंज असेल, गालिच्याला कुबट वास असेल, तर गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात गेलेली असू शकते. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी नमस्कार करून परत या. तिची वायरिंग पुढची कितीतरी वर्षं त्रास देईल.

किलोमीटरचा आकडा बघून भुलू नका. नऊ वर्षांत फक्त ३० हजार किलोमीटर, हे ऐकायला छान वाटतं. पण एक तर तो आकडा मागे फिरवलेला असू शकतो, किंवा गाडी खरंच उभी असते. उभ्या गाडीचे टायर कडक होतात, रबरी सील सुकतात, आणि ती जाळी चोंदलेली असते. सर्व्हिसच्या नोंदी मागा. प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर ओळीने वाढत गेलेले दिसले पाहिजेत. मधली दोन वर्षं गायब असतील तर त्या दोन वर्षांत काय झालं, ते विचारा.

आणि विक्रेत्याचा नव्हे, तुम्ही निवडलेला मेकॅनिक सोबत न्या. संगणक जोडून सगळे कोड वाचणारा, लिफ्टवर गाडी चढवून खालून बघणारा. त्याची फी तुम्हाला जास्त वाटेल. पण ५० हजारांच्या टोकनापुढे ती काहीच नाही.

कागद

परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. बाकी असलेली चलनंही बघा. नोंदणी पुस्तकावरचा इंजिन आणि चासीचा नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, परराज्यासाठी फॉर्म २८. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. त्यामुळे विम्याचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल, तोही कागदावर लिहून ठेवा.

मग घ्यायचीच नाही का?

घ्या ना. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर आणि त्यातलं बरंचसं हायवेवर. सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण. आपल्याच राज्यातली गाडी. शहरात त्या कंपनीच्या गाड्या जाणणारं एखादं स्वतंत्र गॅरेज. दुरुस्तीचे पैसे बाजूला. आणि ती महिनाभर गॅरेजमध्ये पडली तरी काम अडणार नाही, अशी दुसरी गाडी किंवा सोय घरात. हे सगळं जुळत असेल, तर अशा गाडीसारखं सुख नाही. लांबच्या प्रवासात म्हाताऱ्या माणसांची पाठ दुखत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय. यातली चार जुळत असतील तर घाई न करता शोधत राहा. दोनच जुळत असतील, तर फोटो बघा आणि मोबाइल खिशात ठेवा.

आणि वर्षातून तीन-चार मोठे प्रवास एवढ्यासाठीच मोठी गाडी हवी असेल, तर हाही आकडा मांडा. प्रत्येक प्रवास ८०० किलोमीटरचा, असे चार. ड्रायव्हरसकट सात जणांची गाडी किलोमीटरला २० रुपयांनी मिळाली असं धरलं, तरी वर्षाचे ६४ हजार. नुसत्या सहा लाखांच्या कर्जाचं व्याज जवळपास तेवढं होईल.

आमचा कागद असा दोन्ही बाजूंनी भरला. १६ लाखांचा आकडा कर, विमा, टायर, पहिली मोठी सर्व्हिस आणि बाजूला ठेवायची रक्कम धरून २२च्या पुढे गेला होता. भाऊ गप्प होता. काकू इतका वेळ नदीकडे बघत बसली होती.

पलीकडे सिंधिया घाटाच्या बाजूला ते वाकडं देऊळ दिसत होतं. रत्नेश्वर महादेवाचं. वर्षातले बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात असतो. नावेतून येताना नावाड्याने त्याची गोष्ट सांगितली होती. राजा मानसिंहाच्या एका सेवकाने ते आईसाठी बांधलं आणि बांधून झाल्यावर म्हणाला, आईचं ऋण फेडलं. ते शब्द तोंडातून निघाले आणि देऊळ कललं. म्हणून त्याला मातृऋण महादेवही म्हणतात. ही झाली लोककथा. त्याच्या शेजारचा सिंधिया घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधला आणि तो स्वतःच्याच वजनाने खचला, त्यात देऊळही कललं, असंही सांगतात.

काकूने त्या देवळाकडे बघतच विचारलं, “गाडीचं चाललंय का तुमचं?”

“हो. बाबांना यातून आणायचं होतं, म्हणून...” भाऊ म्हणाला.

“अरे, ते ट्रेननेच येणार होते,” काकू म्हणाली. “तू तिकीट काढलं असतंस, तरी आले असते.”

ती रागाने नाही म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली. पण भाऊ उठला आणि चार पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला. मी त्याच्यामागे गेले नाही.

संध्याकाळी त्याने विक्रेत्याला फोन केला. टोकन भरलं नाही, एवढंच विचारलं, की उद्या मी माझा मेकॅनिक घेऊन येतो, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. विक्रेता म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, इतकं थांबता येणार नाही. मग तो सौदा तिथेच राहिला. वंदे भारतचं तिकीट त्याने रद्द केलं आणि आमच्याबरोबर महानगरीने परत आला. गाडीत रात्री काकूच्या पायावर शाल नीट घालताना मी त्याला पाहिलं.

त्याने गाडी कायमची सोडून दिलीय असं नाही. परवाच नाशिकमधली एक बघून आला. पहिल्या मालकाची, नोंदी पूर्ण असलेली. या वेळी कागद त्याने स्वतः मांडला होता आणि त्यात कराचा रकानाही होता. अजून ठरलेलं नाही. पण काकूला पंढरपूरला जायचं होतं, ते मात्र ठरलंय. पुढच्या एकादशीची गर्दी ओसरली की निघायचं. भाड्याची गाडी सांगून झालीय.

तुमच्या मनातही अशी एखादी गाडी असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर एक कागद घ्या. डाव्या बाजूला विक्रेत्याने सांगितलेली किंमत लिहा, उजव्या बाजूला बाकी सगळं. आणि कागदाच्या खाली, ही गाडी कुणासाठी घेतोय, त्यांचं नाव लिहा. मग कागद त्यांनाच वाचायला द्या.